डोरीनचे पन्नास यार्ड

अठरा जूनला आम्ही लेडल सरोवराच्या ठाण्यावर पोचलो, तेव्हा तिथं जे होतं ते मी वहीच्या पहिल्या पानावर मोजून लिहिलं. तंबूच्या जागा चौदा, त्यांतल्या नऊ अजून बर्फाखाली. अस्वलांपासून अन्न राखायच्या लोखंडी पेट्या चौदा. दोन पेट्यांची दारं लागत नाहीत. संडास एक, त्याची रिकामी पिंपं चार. लाकडी पाट्या तीन. केबिनच्या दारापाशी बर्फ एकतीस इंच. रेंजर दोन. पहाडी बकऱ्या नऊ: माद्या पाच, गेल्या वर्षीची पाट एक, यंदाची करडं तीन. एका मादीच्या गळ्यात पट्टा, त्यावर सतरा हा आकडा. ती आपलं करडू घेऊन केबिनच्या पायरीपासून सहा यार्डांवर उभी होती आणि उशिरा घरी आलेल्या माणसांकडे पाहावं तशी आमच्याकडे पाहत होती.

"डोरीन लिही," व्हर्ना पाठीवरचं ओझं उतरवत म्हणाली.

"सतरा नंबर," मी म्हटलं.

"माझ्या नणंदेचं नाव आहे ते. तीही न बोलावता येते आणि कॉफी संपली तरी उठत नाही."

व्हर्ना टिलमन सदुसष्ट वर्षांची. शाळेत भूगोल शिकवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत इथं रेंजर व्हायची. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, हे सुटलं नाही. हा तिचा एकोणतिसावा उन्हाळा होता. माझा पहिला. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मला एक वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षातले आठ महिने मी एका सफरचंदाच्या कोठारात पेट्यांवर शिक्के मारले होते. पहिल्या दिवशी मी तिला 'मॅडम' म्हटलं, तर म्हणाली, "परत मॅडम म्हणालीस तर तुझ्या ओटमीलमध्ये वाळू घालीन. व्हर्ना म्हण. आणि तुझं नाव काय ते, ब्रिन? बरं. पण घाईत मी 'पोरी' म्हणेन, वाईट वाटून घेऊ नकोस."

मला तिथं पाठवण्याचं मुख्य कारण डोरीन होती. गेल्या ऑगस्टमध्ये तिनं एका गिर्यारोहकाच्या मांडीत शिंग घुसवलं होतं. अकरा टाके पडले. माणूस बरा झाला, पण उद्यानाच्या कचेरीत बैठक झाली आणि बैठकीतून एक कागद निघाला. माणसापासून पन्नास यार्ड दूर राहायला ती शिकली तर ठीक. ऑगस्टच्या अखेरीला उद्यानाचे जीवशास्त्रज्ञ स्टोल्झ येतील, दहा चाचणी फेऱ्या घेतील. दहांतली एकही फेरी पन्नास यार्डांच्या आत गेली, तर तिला गोळी घालायची.

स्टोल्झनीच मला हा कागद दिला होता. डोकं खाजवत म्हणाले, "मलाही हे आवडत नाही. पण पुढच्या वेळी शिंग मांडीऐवजी पोटात गेलं तर? तू मोज. नीट मोज. आणि तिला घाबरव."

घाबरवायची पद्धत ठरलेली होती. रोज सकाळी आणि संध्याकाळी एक फेरी. आमच्यातली एक जण पायवाटेनं रिकाम्या हातांनी, सरळ, रमतगमत तिच्याकडे चालत जायची. बकरीनं जाण्यासाठी पहिलं पाऊल उचललं की थांबायचं आणि लेसर अंतरमापकानं अंतर घ्यायचं. पन्नासच्या आत असलं, तर ओरडायचं, पातेलं वाजवायचं, लिंबाएवढे दगड तिच्या अंगावर फेकायचे. जखम व्हायला नको, पण लागायला हवं.

पहिल्या आठवड्याची सरासरी सहा यार्ड आली. एकदा तर तिनं पाऊल उचललं ते माझ्याकडे येण्यासाठी. ती फेरी कुठल्या रकान्यात लिहायची हे मला कळेना. व्हर्ना म्हणाली, "पाहुणचार असा रकाना कर."

आम्ही दहा दिवस वर असायचो आणि चार दिवस खाली, पण दोघी एकदम नाही, आळीपाळीनं. ठाणं कधी रिकामं राहायचं नाही. सकाळी सातला वायरलेसवर हजेरी, मग तंबूंच्या जागा झाडायच्या, परवाने तपासायचे, पेट्यांची दारं ठोकून बसवायची, चुकीच्या ठिकाणी पेटवलेल्या शेकोट्यांचे दगड उचलून तळ्यात टाकायचे. जुलै उजाडला तसा बर्फ उतरला आणि माणसं चढली. शनिवारी चौदाही जागा भरायच्या. लोक विचारायचे, इथं फोनला रेंज कुठं येते, अस्वलं किती वाजता दिसतात. "सव्वाचारला," व्हर्ना सांगायची, "पण आज त्यांची सुट्टी आहे."

मी डोरीनची प्रत्येक भेट लिहीत होते. वेळ, अंतर, समोर कोण होतं, आणि ती काय करत होती. चौदा जुलैपर्यंत अशा एकशे बारा भेटी झाल्या. एका दुपारी मी पायरीवर बसून शेवटचा रकाना मोजला. एकशे बारांपैकी एकाहत्तर वेळा ती एकच काम करत होती: संडासामागचा लांबट खडक चाटत होती.

ती तो खडक का चाटते, हे मला पदवीशिवायही कळलं असतं. पहाडी बकऱ्यांना उन्हाळ्यात मिठाची भूक लागते आणि वरच्या कातळांत मीठ नसतं. माणसाच्या लघवीत असतं. आणि संडासाच्या दारावर, तीन लाकडी पाट्यांपैकी सगळ्यांत सुबक पाटी होती. पाइनच्या फळीत कोरलेली, अक्षरांत पांढरा रंग भरलेला: 'लघवी आत नको. मागच्या खडकावर करा. आभार.'

या पाटीमागं कारण होतं. चार पिंपं सप्टेंबरपर्यंत पुरवायची, मग हेलिकॉप्टर येऊन ती उचलतं. पिंपं पातळ मालानं भरली की लवकर भरतात आणि जड होतात. त्यामुळं लोकांना बाहेर पाठवायचं, ही इथली शिस्त. लोक त्या पाटीशेजारी उभे राहून फोटो काढायचे.

"ही पाटी कुणी लावली?" मी विचारलं.

व्हर्ना दोरीवर मोजे वाळत घालत होती. म्हणजे पायरीवर बसून आठ यार्डांवरच्या दोरीवर एकेक मोजा फेकत होती. एकही खाली पडायचा नाही. तरुणपणी ती जिल्ह्याच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती; खांद्याला अजून त्याची आठवण होती.

"मी," ती म्हणाली. "दुसऱ्या उन्हाळ्यात. पंधरा दिवस कोरत होते. का, शुद्धलेखन चुकलंय?"

मी वही तिच्यापुढं धरली. तिनं चष्मा चढवला, रकाना वरून खाली वाचला, मग खालून वर.

"म्हणजे मीच तिला वाढतेय," ती म्हणाली. "तिच्या आईला, तिच्या आजीला आणि आता तिला. पंगत बसवलीय नुसती. आणि तू वर दगड मारतेयस. पोरी, जेवायला बोलावून दारात कुत्रं सोडण्यातला प्रकार झाला हा."

ती उठली, स्क्रूड्रायव्हर आणला आणि पाटी स्वतः उतरवली. चौथा स्क्रू गंजला होता, तो कापावा लागला. मी दुसरी फळी ठोकली: 'लघवी आतच करा.' माझं अक्षर वाईट आहे. तिच्याशेजारी मात्र कुणी फोटो काढला नाही.

पुढची अडचण सरळ गणिताची होती. पहिलं पिंप भरायला जवळजवळ चार आठवडे लागले होते. नव्या पाटीनंतर दुसरं नऊ दिवसांत काठाला आलं. या हिशेबानं ऑगस्टच्या मध्याला चारही पिंपं संपली असती. म्हणून आम्ही संडासाच्या भिंतीला एक नरसाळं बसवलं, त्याखाली पाच गॅलनचा कॅन ठेवला, आणि जी कोणी खाली जाईल ती एक भरलेला कॅन पाठीवर बांधून चार मैल उतरून पायथ्याच्या पक्क्या संडासात ओतू लागली. वजन त्रेचाळीस पौंड. व्हर्नाच्या गुडघ्यांकडे पाहून मी म्हटलं, तुझा मी नेते. ती म्हणाली, "माझ्या पाटीचं फळ आहे हे. मला नेऊ दे."

एकदा तिला वाटेत घामाघूम झालेला एक तरुण भेटला. त्यानं विचारलं, "काकू, प्यायचं पाणी आहे का त्यात?"

"नाही रे," ती म्हणाली, "पण तू इतक्या प्रेमानं विचारलंस की नाही म्हणायला जीवावर येतंय."

खडक आम्ही तळ्याच्या पाण्यानं सहा दिवस धुतला. डोरीन पहिले तीन दिवस येऊन चाटत राहिली, चौथ्या दिवशी हुंगून गेली. जुलै संपता संपता सरासरी बावीस यार्डांवर आली. मी ते वायरलेसवर कळवलं तेव्हा स्टोल्झनी नुसतं "हं" केलं, पण ते 'हं' खुशीतलं होतं.

मग आकडा अडला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरासरी साडेसत्तावीस, दुसऱ्यातही तेवढीच. दगड तेच, पातेलं तेच, मीठ बंद. मला काही उलगडेना. सरासरी अडली की ती फोडून बघावी, असं आमच्या एका प्राध्यापकांनी शिकवलं होतं. मी आधी सकाळ आणि संध्याकाळ वेगळी केली. फरक नाही. वारा वेगळा केला. फरक नाही. मग चालणारी व्यक्ती वेगळी केली.

ब्रिन, चौदा फेऱ्या: सेहेचाळीस यार्ड.
व्हर्ना, चौदा फेऱ्या: नऊ यार्ड.

मी पेन खाली ठेवलं. मला तिचे दगड आठवले. मी त्या दगडांचंही लिहून ठेवलं होतं, लागला की नाही लागला. व्हर्नाचे दगड डोरीनच्या डावीकडे सुमारे एक यार्डावर पडायचे. नेहमी डावीकडे, नेहमी एक यार्ड. मी समजत होते की वय झालंय. दोरीवरचे मोजे रोज माझ्या डोळ्यांसमोर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेगडीवर हकलबेरीच्या रानफळांची धिरडी घालत होती तेव्हा मी वही टेबलावर ठेवली. तिनं वाचलं. धिरडं उलटलं.

"तू मुद्दाम चुकवतेस," मी म्हटलं.

"एक यार्ड म्हणजे काही फार नाही."

"व्हर्ना, दहांतली एकही फेरी पन्नासच्या आत नको. स्टोल्झ तुलाही चालायला लावणार. तुझ्या एका फेरीत ती गेली."

"गणित येतं मला."

"मग?"

तिनं शेगडी बंद केली. "अकरा वर्षांपूर्वी वरच्या घळीत दरड कोसळली. तिची आई त्यात गेली. ही एवढीशी होती, मांजराहून थोडी मोठी. तीन आठवडे या पायरीखाली झोपत होती. मी काही खायला घातलं नाही हं. हात लावला नाही. सगळं नियमात. फक्त हाकललं नाही." तिनं धिरडं माझ्या ताटात टाकलं. "हाकलायला हवं होतं तेव्हाच. तेव्हा एका टाळीत काम झालं असतं."

मी म्हटलं, "धिरडं करपलंय."

"मग करपलेलं खा," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.

त्या दिवशी तिची खाली जायची पाळी होती. ती गेली नाही. वायरलेसवर सांगितलं, गुडघा दुखतोय, चार दिवस वरच थांबते. गुडघ्याचं म्हणाल तर तो खरंच दुखत होता, पण गेली एकोणतीस वर्षं दुखत होता.

सोळा ऑगस्टला सकाळी पावणेआठला डोरीन करडाला घेऊन आली आणि पायरीपासून आठ यार्डांवर, नेहमीच्या जागी, पाय मुडपून रवंथ करत बसली. करडू तिच्या पाठीवर चढायचं, घसरून पडायचं. व्हर्ना बाहेर आली. तिनं टोपी काढून कठड्यावर ठेवली. पायरीशेजारच्या ढिगातून एक दगड उचलला, वजन पाहिलं, ठेवला, दुसरा उचलला.

"मी मारू का?" मी विचारलं.

"तुला ती आधीच घाबरते."

तिनं हात मागं नेला, खालून पूर्ण गोल फिरवला आणि सोडला. दगड डोरीनच्या बरगडीवर बसला. रजई झटकल्यासारखा आवाज झाला. डोरीन उठली. पळाली नाही. मान वळवून तिनं दगडाकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे, आणि एक पाऊल पुढं आली.

"नाही," व्हर्ना म्हणाली. "नाही, बाई, नाही." दुसरा दगड खांद्यावर. तिसरा पुन्हा बरगडीवर. "चालती हो! डोरीन! नीघ इथून! बोलावलं नव्हतं तुला कुणी! चल नीघ!" आवाज फाटला होता. करडू आधी पळालं. मग डोरीन त्याच्यामागं, कातळाच्या पट्ट्यापर्यंत, आणि तिथं थांबून वळून पाहत राहिली. व्हर्ना पातेलं वाजवत तिच्या दिशेनं धावली. सदुसष्ट वर्षांची बाई दुखऱ्या गुडघ्यानं कशी धावेल, तशी धावली. डोरीन कड्यावर चढून दिसेनाशी झाली.

मी अंतर घ्यायला विसरले. त्या उन्हाळ्यात रिकामी राहिलेली तेवढी एकच ओळ.

व्हर्ना परत येऊन पायरीवर बसली. तळहात उघडे मांडीवर ठेवले. तंबूतून बाहेर आलेली एक बाई जवळ आली आणि रागानं म्हणाली, "लाज नाही वाटत मुक्या जनावराला दगड मारायला? आणि गणवेश घालून! मी तक्रार करणार आहे तुमची."

"नाव लिहून घ्या," व्हर्ना म्हणाली. "टिलमन. टी-आय, मग दोन एल."

बाईनं खरंच लिहून घेतलं.

पुढचे दहा दिवस व्हर्ना रोज दगड घेऊन बाहेर यायची. डोरीन पहिल्या दोन दिवसांत तीन वेळा आली, तिसऱ्या दिवशी एकदा. मग तिच्या येण्याची वाटही वर सरकली, कड्याच्या कडेकडेनं. व्हर्ना मोजे आता उठून, हातानं दोरीवर घालायला लागली. जेवताना ती बकरीबद्दल बोलायची नाही. एकदा मात्र म्हणाली, "नणंदेला पत्र टाकायला हवं." आणि टाकलंही, ते मीच खाली नेलं.

एकोणतीस ऑगस्टला स्टोल्झ आले. सोबत बंदूक होती, लांब पिशवीत. ती त्यांनी केबिनच्या कोपऱ्यात उभी केली आणि तिच्यावर आपला कोट टाकला. संध्याकाळी आम्ही तिघांनी कुस्करलेला बटाटा आणि डब्यातला मासा खाल्ला. स्टोल्झ माझी वही चाळत होते. अठ्ठावीस फेऱ्यांच्या पानावर आले, तिथं दोन सरासऱ्या शेजारीशेजारी होत्या. त्यांनी व्हर्नाकडे पाहिलं. ती ताटं विसळत होती.

"शेवटच्या आठवड्याचे आकडे?" त्यांनी मला विचारलं.

"व्हर्नाच्या फेऱ्या झाल्याच नाहीत," मी खरं ते सांगितलं. "डोरीन, म्हणजे सतरा नंबर, व्हर्ना दिसली की निघून जाते. चालायला सुरुवातच करता येत नाही."

"उद्या करायला लागेल," ते म्हणाले. "वर कड्याखाली चरत असते ना? तिथं. शेवटी व्हर्ना चालतील."

व्हर्नानं पाठ न वळवता विचारलं, "शेवटीच का?"

"तुमचीच फेरी मला बघायचीय."

तीस तारखेला आकाश निरभ्र होतं. डोरीन आणि करडू कड्याखालच्या गवताळ पट्ट्यात होते, इतर बकऱ्यांबरोबर. स्टोल्झ चार वेळा चालले, मी तीन वेळा, आणि तंबूतले दोन गिर्यारोहक, ज्यांना बकरी आयुष्यात पहिल्यांदा दिसत होती, एकेकदा. दर दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास, तिला पुन्हा चरायला लागू द्यायला. अंतरं मी घेत होते, स्टोल्झ वाचून खात्री करत होते. एकसष्ट. अठ्ठावन्न. सत्तर. त्रेसष्ट. पंचावन्न. एकोणसत्तर. सहासष्ट. अठ्ठावन्न. त्रेपन्न. त्रेपन्नला स्टोल्झनी घसा साफ केला.

मग व्हर्ना उठली. गणवेशाच्या शर्टाची बटणं लावली, टोपी नीट केली. हात रिकामे आहेत हे दाखवायला तिनं ते जरा पुढं धरले, कुणाला ते मला कळलं नाही. पायवाटेनं सरळ, रमतगमत चालायचं होतं. ती तशी चालली. गुडघा वाचवत, जराशी उजवीकडे कलून, इथं एकोणतीस वर्षं चालत आलेली तीच चाल.

डोरीननं गवतातून मान वर केली.

मी अंतरमापक डोळ्याला लावला. स्टोल्झ माझ्याशेजारी उकिडवे बसले होते. डोरीननं पहिलं पाऊल उचललं, व्हर्ना थांबली. मी बकरीवर आणि व्हर्नावर एकेकदा बटण दाबलं, फरकाचा आकडा मोठ्यानं वाचला, त्यांनी तो पुन्हा वाचला, आणि मी वहीत लिहिलं:

फेरी दहावी. सकाळ, अकरा वाजून चाळीस मिनिटं. वारा नैऋत्येचा, हलका. चालणारी व्यक्ती: व्ही. टिलमन. पाठीवर ओझं नाही, हातात काही नाही. अंतर: एकशे चार यार्ड.